माल बेळगावचा, पार्सल मात्र दिल्लीचं

ह्या महिन्यात टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत: मोबाईलवर "लोकेशन बेळगाव" दिसलं म्हणून घेतलं आणि फसलो. मला खरंतर हसू येतंय, कारण कुठलं गाव कुठल्या राज्यात ह्यावर आपण १९५६ पासनं भांडतोय, २००४ पासनं प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे, ठिकाण म्हटलं की आपल्याकडं पोरंसुद्धा नकाशा काढून बसतात, आणि कुणीतरी अनोळखी माणसानं मोबाईलवर "बेळगाव" एवढं टाइप केलं की आपण लगेच पैसे काढून देतो. असो. एकेक घेऊ.

प्रश्न (खानापूर तालुक्यातले एक शेतकरी): ताई नमस्कार, भाताला औषध मारायला बॅटरीवरचा फवारणी पंप पाहिजे होता. फोनवर जाहिरात आली, लोकेशन बेळगाव, दोन दिवसात घरपोच, किंमत २,४५०. म्हटलं बेळगाव म्हणजे काय अर्ध्या-पाऊण तासावर, काय बिघडलं तर गाडीवर टाकून नेऊन देऊ. पार्सल आलं अकराव्या दिवशी, तोवर खोडकिड्यानं आपलं काम केलेलं, आणि पंपाचा नोझल पहिल्या दिवसापासनं गळतोय. परत घ्या म्हटलं तर तो म्हणतोय दिल्लीला स्वतःच्या खर्चानं पाठवा. कुरियरवाला सांगतोय त्याला सहाशे रुपये लागतील. बेळगाव लिहून दिल्लीचा माल विकणं हा गुन्हा नाही काय वो?

उत्तर: दादा, तुम्ही बिलाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मी बारा वर्षं रविवार पेठेत एका व्यापाऱ्याकडं बिलं लिहिलीत, त्यामुळं पार्सल फोडलं की माझा हात वस्तूच्या आधी बिलाकडं जातोय. तुमच्या बिलावर जीएसटी नंबर ०७ नं सुरू होतोय बघा. पंधरा आकडे-अक्षरांच्या त्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे राज्य. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०, हरियाणा ०६, गुजरात २४, आणि ०७ म्हणजे दिल्ली. शिवाय कराच्या रकान्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन निम्मे-निम्मे तुकडे नाहीत, एकटा आयजीएसटी आहे, म्हणजे विक्री राज्याबाहेरनं झाली. बेळगाव लिहिणाऱ्यानंच स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की आपण बेळगावात नाही.

आता ह्यातली मेख सांगते. आयजीएसटी दिसला म्हणजे माल लांबनंच आला असं नाही. कोल्हापूरच्या दुकानदारानं निपाणीला माल पाठवला तर अंतर चाळीसेक किलोमीटर, पण बिलावर आयजीएसटीच येणार, कारण मध्ये राज्याची हद्द आहे. आणि उलट, नंबर २९ नं सुरू झाला म्हणून माल बेळगावात आहे असंही नाही, २९ बेंगळुरूच्या गोदामालाही आणि बिदरच्या दुकानालाही. म्हणून नुसत्या दोन आकड्यांवर थांबायचं नाही, जीएसटीच्या सरकारी साइटवर तो नंबर टाकला की धंद्याचं नाव आणि मुख्य पत्ता फुकटात दिसतोय. हे ऑर्डर द्यायच्या आधी करायचं. विकणारा जीएसटी नंबर द्यायला टाळाटाळ करायला लागला तर मग तिथंच फोन ठेवायचा.

हे लोक असं का करतात? कारण आपण सगळे "जवळचं दाखवा" हे बटण दाबतो. तिथं दिल्ली लिहिलं की जाहिरात आपल्यापर्यंत येतच नाही, बेळगाव लिहिलं की येते. लोकेशनचा तो रकाना बऱ्याच ठिकाणी विकणाराच भरतोय, कुणी येऊन गोदाम बघून जात नाही. तुमची जाहिरात मी शोधली. तोच पंप, तोच फोटो, तीच "शेवटचे ३ शिल्लक" ही ओळ, आणि गाव बदलून हुबळी, सांगली, कोल्हापूर, कारवार, सगळीकडं. एकाच माणसाचा एकच पंप पाच गावात! कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी मोबाईलमधलं गाव बदलून तोच शोध परत मारायचा, दोन मिनिटाचं काम आहे, लबाडी तिथंच उघडी पडते.

तुमच्या मूळ प्रश्नाला येते. "बेळगाव लिहिलं होतं" ह्या मुद्द्यावर तुम्ही भांडायला गेलात तर तो म्हणणार आम्ही बेळगावात डिलिव्हरी देतो असा त्याचा अर्थ होता, आणि तुम्ही त्यातच अडकाल. ती दिशाभूल आहेच, तक्रारीत लिहायचीच, पण पुढं घालायचे ते दुसरे दोन मुद्दे: माल खराब आहे आणि सांगितलेल्या वेळेत आला नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखालचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० पासनं लागू आहेत, त्यात स्पष्ट आहे की माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितला तसा नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर आला असेल तर विकणारा परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही (पूर, संप असलं हाताबाहेरचं काही झालं असेल तर उशिराचा मुद्दा सोडून). तुमच्याकडं "दोन दिवसात" लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे, पार्सलवर तारीख आहे. बास की.

आधी त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असा नियम आहे. सोबत १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करून तक्रार नंबर घ्या, मराठीतनं बोलता येतंय. एवढ्यानं नाही झालं तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं, दिल्लीला नाही. २०१९ च्या कायद्यानं ही मोठी सोय झालीय, तक्रार करणारा जिथं राहतो तिथं दाद मागता येते, विकणारा कुठं का बसलेला असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, ई-जागृती पोर्टलवरनं घरबसल्याही दाखल होतंय. सहाशे रुपये घालून पंप दिल्लीला मात्र धाडू नका. त्यांना न्यायला सांगा, आणि लेखी सांगा. फोनवर "भैया भैया" करत बसलात तर हातात काही राहत नाही.

प्रश्न (संकेश्वरहून एक वाचक): जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर एक स्कूटर होती, केए-२२ नंबर, ३८ हजार. मालक म्हणाला मी मिलिटरीत आहे, बेळगावात मराठा रेजिमेंटला होतो, आता जम्मूला बदली झाली, गाडी कॅन्टोन्मेंटमध्ये लावलीय, आर्मीच्या ट्रान्सपोर्टनं घरी पाठवतो. युनिफॉर्ममधला फोटो, कॅन्टीनचं कार्ड, सगळं पाठवलं. गेटपास म्हणून २,१५० घेतले, मग परत मिळणारे म्हणून ७,००० घेतले, मग अजून मागायला लागला तेव्हा भाऊ म्हणाला थांब. कॅम्पात जाऊन चौकशी केली तर हसले. पैसे परत येतील का?

उत्तर: दादा, आधी १९३० ला फोन लावा, हे वाचून संपवायच्या आधी. ती सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे, त्यासोबत सायबर क्राईमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेला व्यवहाराचे नंबर लेखी द्या. पैसे एका खात्यातनं दुसऱ्यात पळायला मिनिटं लागतात, त्यामुळं पहिल्या काही तासात कळवलं तर गोठवता येतात, तुमचे आठ दिवस गेलेत म्हणून मी खोटी आशा लावत नाही. तरीही तक्रार कराच, जिल्ह्याच्या सीईएन म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या पोलीस ठाण्यातही. ग्राहक आयोगाचा रस्ता इथं चालायचा नाही, स्वतःची जुनी वस्तू एकदा विकणारा माणूस त्या ई-कॉमर्स नियमात बसतच नाही, आणि इथं तर माणूसही खरा नाही, सरळ फौजदारी आहे.

ह्या टोळ्या ठिकाण फार विचार करून निवडतात बघा. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला एअरफोर्स आहे, आपल्याकडं निम्म्या घरात कुणीतरी पलटणीत आहे किंवा होतं, त्यामुळं युनिफॉर्म बघितला की आपली मान आपोआप झुकते. दुसरं म्हणजे कॅन्टोन्मेंटमध्ये कुणालाही सहज आत सोडत नाहीत, म्हणजे "आत्ता येऊन बघतो" म्हणायची सोयच नाही. वस्तू जवळ आहे पण बघता येणार नाही, हे ज्या क्षणी कुणी सांगेल त्या क्षणी उठायचं. आज सांबऱ्याच्या एअरपोर्टच्या पार्किंगला लावलीय सांगतील, उद्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसात.

केए-२२ चं म्हणाल तर ती पाटी बेळगाव आरटीओची, चिक्कोडी २३, बैलहोंगल २४, गोकाक ४९, हे खरंय, पण फोटो कुणाच्या तरी जुन्या जाहिरातीतनं उचललेला असतोय. नंबर परिवहनच्या अ‍ॅपवर टाकला की गाडीचा प्रकार, आरटीओ, इन्शुरन्सची तारीख दिसते, मालकाचं नाव अर्धवट दिसतं, तेवढ्यावरनंही बऱ्याचदा कळतं.

आणि आमचा एक घरगुती उपाय. विकणाऱ्याला म्हणायचं, आजचा तरुण भारत वस्तूशेजारी धरून फोटो पाठव. बेळगावात असेल तर कोपऱ्यावर मिळतोय. किंवा सहज विचारायचं, तिसऱ्या रेल्वे गेटकडनं येऊ की गोवावेसकडनं? जो माणूस "लोकेशन भेजता हूँ" म्हणतो तो बेळगावचा नाही. माझ्या भाच्यानं असाच एक फ्रिज घेताना फोटोत मागं दिसणाऱ्या दुकानाची पाटी मोठी करून बघितली, बेळगावात पाटीवर कन्नड असणार की नाही, तिथं नुसतं हिंदी. फ्रिज वाचला, म्हणजे पैसे वाचले.

एक राहिलंच. तुम्हाला पैसे "परत" द्यायला त्यानं क्यूआर कोड पाठवला होता असं शेवटी लिहिलंय. यूपीआयचा पिन पैसे जाताना टाकायचा असतो, येताना कधीच नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्न (शहापूर, बेळगावच्या एक वाचक): मुलाच्या लग्नासाठी तीन जोड कोल्हापुरी चपला ऑनलाईन मागवल्या, "कोल्हापूरहून थेट, हातानं बनवलेल्या" असं होतं. बॉक्सवर पत्ता उत्तरेकडच्या एका शहराचा, तळाला रबर, आणि टाचेत खिळे. शेजारच्या काकू म्हणतात अहो आजकाल अथणी-निपाणीकडच्या चपला पण कोल्हापुरी म्हणून खपवतात, तसलाच प्रकार. तक्रार करता येईल का?

उत्तर: येईल, पण काकूंना आधी एक सांगा, अथणी-निपाणीच्या चपला खपवलेल्या नसतात, त्या कायद्यानं कोल्हापुरीच आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चार आणि चार. दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं एकत्र येऊन हे झालं, आणि खरं सांगते, ह्या हद्दीवर दोन्ही सरकारांनी मिळून केलेली एवढी एक गोष्ट बघितली तरी मला बरं वाटतं. अथणीचा कारागीर चप्पल बनवतो ती पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरच्या बाजारात जात आली म्हणून नाव कोल्हापुरी पडलं.

म्हणजे तुमच्या प्रश्नात "ठिकाण" हा शब्द दोन अर्थानं आलाय. वरच्या पंपवाल्या दादांचं दुखणं होतं माल आत्ता कुठं पडलाय ह्याचं, पंप दिल्लीत बनला काय नि हुबळीत काय, फवारणी सारखीच. चपलेचं तसं नाही, ती कुठं आणि कशी बनली हाच तिचा गुण. त्या आठ जिल्ह्यांत बनलेली, वनस्पतीच्या रसायनानं कमावलेल्या कातड्याची, चामड्याच्याच वादीनं हातानं शिवलेली, खिळा नाही, ती कोल्हापुरी. बेंगळुरूच्या गोदामातनं आली तरी कोल्हापुरी. आणि रबराच्या तळाची यंत्रावरची चप्पल कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर ठेवून तिथनं पाठवली तरी ती कोल्हापुरी नव्हे.

म्हणून तुमच्या तक्रारीत "बॉक्सवर दुसरा पत्ता होता" हे दुसऱ्या नंबरला घाला. पहिल्या नंबरला: हातानं बनवलेली, कोल्हापुरी असं जाहिरातीत होतं, प्रत्यक्षात तळ रबराचा, खिळे आहेत, फोटो जोडलेत. जाहिरातीतल्यासारखा माल नाही, म्हणजे परत घ्यावाच लागतो, नियम वर सांगितलाच आहे. बॉक्स फेकू नका, पॅकिंगवर बनवणाऱ्याचा किंवा पॅक करणाऱ्याचा नाव-पत्ता छापणं सक्तीचं आहे आणि तोच तुमचा पुरावा. लग्नाला किती दिवस राहिलेत माहीत नाही, पण मी तुमच्या जागी असते तर तक्रार टाकली असती आणि रविवारी निपाणीला जाऊन तीन जोड घेऊन आले असते, तेवढ्यात माप पण नीट बघून होतंय.

प्रश्न (कॅम्प, बेळगावचे एक निवृत्त शिक्षक): जुन्या फाउंटन पेनसाठी परदेशी लिलाव साइटवरनं निब मागवली, वस्तूचं ठिकाण लंडन दाखवत होतं. पाच आठवडे झाले. आता पाकिटाचा नंबर मिळालाय, शेवटी सीएन आहे. ही लंडनहून येतेय का?

उत्तर: नाही सर, चीनहून. परदेशी टपालाचा नंबर तेरा अक्षरांचा असतो, सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, आणि शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची: सीएन चीन, एचके हाँगकाँग, एसजी सिंगापूर, ब्रिटन असतं तर जीबी असतं. इंग्लंडातला माल शोधणाऱ्यांच्या यादीत आपण दिसावं म्हणून लंडन टाकलेलं असतंय, आपल्या पंपवाल्याचाच थोरला भाऊ. साइटवर "ठिकाण खोटं दाखवलं" अशी तक्रार करायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती करा, आणि पैसे परत मागायची मुदत अंदाजे पोच तारखेपासनं मोजतात, ती हुकू देऊ नका. "अजून थोडं थांबा सर" असं तो दर आठवड्याला गोड लिहितोय ते त्याचसाठी. कस्टमची ड्युटी पडली तर ती आपल्याकडनं घेतात, हेही हिशेबात धरा.

प्रश्न (चंदगड तालुक्यातल्या एक ताई): आमचं गाव महाराष्ट्रात पण बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगाव. मी आणि जाऊबाई घरी काजूगर तयार करून विकतो. फेसबुकवर गावाचं नाव टाकलं तर कुणी विचारत नव्हतं, "बेळगाव" टाकल्यापासनं ऑर्डरी येतात, शनिवारी एसटीनं येऊन पोच करते. पैसे माल बघूनच घेते. तरीपण मागच्या वेळी तुमचं वाचून मनात आलं, आपण पण खोटंच लिहितोय का?

उत्तर: ताई, हा प्रश्न विचारलात म्हणून तुमचं पत्र शेवटाला ठेवलं, सवडीनं लिहावं म्हणून. तुमचा माल खरा, वजन खरं, माणूस समोर येतो, त्यामुळं वरच्या मंडळींच्या पंगतीत मी तुम्हाला बसवत नाही. चंदगडच्या लोकांचं बेळगाव हे घरच असतंय, शिनोळीला हद्द कधी ओलांडली ते बसमध्ये कळत पण नाही. पण लिहिलेलं बरोबर नाही, आणि त्यात तुमचाच तोटा आहे.

काजूगरावर जीएसटी आहे. एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायचा म्हटला की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात लहान विक्रेत्याला जी सूट मिळते ती हद्द ओलांडली की संपते, हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे पण काजू त्यात नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासनं लहान लोकांना नोंदणीशिवाय मोठ्या साइटवर विकता येतं, तेही आपल्याच राज्यात. तुम्ही माल चंदगडहून आणून बेळगावात गिऱ्हाईकाच्या हातात देता म्हणजे हिशेबानं ती आंतरराज्य विक्री झाली. आणि पानावर "लोकेशन बेळगाव" लिहून तुम्ही वर असं दाखवता की धंदा कर्नाटकातच आहे, मग उद्या कुणी विचारलं तर नोंदणी ना इकडची ना तिकडची. बेळगावचं गिऱ्हाईक तुमच्या घरी येऊन घेऊन गेलं तर ती महाराष्ट्रातली विक्री, तेव्हा हा प्रश्न येत नाही. एकदा जवळच्या सीएला वही दाखवा, नोंदणीला सरकारी फी नसते, भरणा मात्र वेळच्या वेळी करावा लागतो, तो झेपतोय का बघून ठरवा. खायचा माल आहे म्हणून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा, चौदा आकडी नंबर पण लागेल, तो पाकिटावर आणि पानावर घाला.

आता कुणी विचारत नव्हतं ह्याचं. ताई, चंदगडच्या काजूचं नाव बेळगावच्या बाजारात आहे की, दुकानदार स्वतः "चंदगडचा आहे" म्हणून दोन पैसे जास्त सांगतोय, आणि तुम्ही तेच नाव झाकून ठेवलंय! तुमच्या गावाचं नाव कुणाला माहीत नसेल, तालुक्याचं आहे. वर मोठ्या अक्षरात "चंदगडचे काजूगर, घरी सोललेले", खाली "माल आमच्या गावी असतो, दर शनिवारी बेळगावात पोच", त्याखाली पाव किलो-अर्धा किलोचा भाव. फोटो दुकानातल्या बरणीचा नको, तुमच्या अंगणातल्या सुपातल्या काजूंचा टाका, मागं जाऊबाई दिसल्या तर अजून चांगलं. आणि शनिवारी कुठल्या वेळेला कुठं थांबता ते मला पण कळवा, दिवाळीला मला दोन किलो लागतात.